आयर्लंडमधला क्लॉनमॅकनॉइसचा जुना मठ पाहून झाल्यावर शॅनन नदीवरच्या शॅननब्रिजच्या पुलापाशी थांबावं का?

जरूर थांबा, आणि पुलासाठी निदान तासभर ठेवा. मी जवळच अथलोनला राहतो. घरी पाहुणे आले की त्यांना मी शॅननब्रिजला नेतोच, कारण बहुतेक जण क्लॉनमॅकनॉइस बघून तसेच गॉलवेकडे सुटतात आणि हे गाव राहून जातं.

पूल १८व्या शतकातला, दगडी, सोळा कमानींचा. गाव पूर्वेला ऑफली परगण्यात, पलीकडचा काठ रॉसकॉमनचा. थोडं खाली सक नदी शॅननला मिळते, तिच्या पलीकडे गॉलवे परगणा सुरू होतो.

पूल ओलांडून पश्चिमेला जाच. तिथे इंग्रजांनी बांधलेला किल्ला आहे आणि त्याचा रोख पश्चिमेकडे, म्हणजे आयर्लंडच्याच आतल्या भागाकडे आहे. १७९८मध्ये फ्रेंच फौज मेयो परगण्यातल्या किलालाला उतरली होती. नेपोलियनही तसाच पश्चिम किनाऱ्यावर उतरेल आणि डब्लिनकडे निघेल, ही धास्ती होती. शॅननसारखी रुंद नदी फौजेला पुलावरूनच ओलांडावी लागणार, म्हणून पुलाच्या तोंडाशीच तोफा. किल्ल्यापुढची जमीन मुद्दाम उतरती केलेली आहे, चालून येणाऱ्याला आडोसा मिळू नये म्हणून. त्या उतारावर उभं राहून भिंतीकडे बघा, सगळा बेत लक्षात येतो. हल्ला मात्र कधी झालाच नाही.

गावाजवळचं पीटवर (दलदलीतल्या, वाळवून जाळायच्या मातीवर) चालणारं वीजकेंद्र २०२०च्या शेवटी बंद झालं. आसपासच्या दलदलीतून काढलेलं पीटच तिथे जळायचं. इथल्या कितीतरी घरांची रोजीरोटी त्यावर होती, हे गावातून फिरताना ध्यानात असू द्या.

क्लॉनमॅकनॉइसला संत कीरनने ६व्या शतकात मठ स्थापला, तो इथून उत्तरेला, गाडीने अगदी थोडक्यात. कोरीव क्रूस बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: बाहेर उभे आहेत त्या प्रतिकृती, अस्सल क्रूस आत संग्रहालयात आहेत. कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या दाराच्या एका बाजूला हळूच पुटपुटलं की दुसऱ्या बाजूला ऐकू येतं. सोबत कोणी असेल तर करून बघाच.

वेळ उरला तर नैऋत्येला क्लॉनफर्टला जा. चर्च छोटंसं आहे, पण १२व्या शतकातल्या त्याच्या दारावर त्रिकोणात ओळीने कोरलेली माणसांची मुंडकी आहेत, आणि माझ्या मते अख्ख्या आयर्लंडमध्ये त्या तोडीचं दार नाही. हिवाळ्यात नदीकाठची कुरणं पाण्याखाली जातात, तेव्हा मे ते सप्टेंबरमध्ये या.