एररमधला ओळ क्रमांक आणि एसपी_हेल्पटेक्स्टच्या ओळी का जुळत नाहीत

तुमची अडचण वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधली मोठी प्रोसीजर (डेटाबेसातच साठवलेला कोड) आहे, तुम्ही एसपी_हेल्पटेक्स्टचं (प्रोसीजरचा मजकूर दाखवणारी कमांड) आउटपुट टेम्प म्हणजे तात्पुरत्या टेबलात भरून एकेक ओळ वाचताय. एरर ४१२वी ओळ म्हणतो, पण तुमच्या टेबलात ४१२वर भलतंच काहीतरी आहे. शिवाय जो कॉलम शोधताय तो प्रोसीजरमध्ये आहे हे माहीत असूनही लाइक (मजकुरात शोधायची अट) लावल्यावर सापडत नाही. दोन्हींचं मूळ बहुधा एकच आहे.

एसपी_हेल्पटेक्स्ट एका रोमध्ये जास्तीत जास्त २५५ कॅरेक्टर देतं. त्याहून लांब ओळ तोडून पुढच्या रोमध्ये टाकतं. अशी एक लांब ओळ आली की तिथून खालचे सगळे क्रमांक सरकतात. कॉलमचं नाव नेमकं त्या तुटीवर आलं तर अर्धं एका रोत, अर्धं दुसऱ्या रोत, मग लाइकला कुठून सापडणार? ते आउटपुट कॉपी करून ऑल्टर (प्रोसीजर बदलायची कमांड) चालवण्याच्या फंदात तर पडूच नका. दोन डॅशवाली लांब कॉमेंट तुटली की तिचं शेपूट नव्या ओळीवर कोड म्हणून उभं राहतं.

माझं ठाम मत: मजकूर नेहमी सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स या सिस्टिम व्ह्यूमधल्या डेफिनिशन (प्रोसीजरचा मूळ मजकूर) कॉलममधूनच घ्या. तो एनव्हारकॅर मॅक्स (खूप लांब मजकूर मावणारा प्रकार) आहे, अख्खा मिळतो. ओळी तुम्ही स्वतः पाडा: कॅर १०वर (नव्या ओळीची खूण) तोडा, उरलेला कॅर १३ (तिच्यासोबत येणारा कॅरेज रिटर्न) काढून टाका. रिकाम्या ओळी गाळू नका, नाहीतर क्रमांक पुन्हा चुकतील. २०२२ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर स्ट्रिंग_स्प्लिटला (मजकूर तोडणारं फंक्शन) तिसरा पॅरामीटर १ द्या, म्हणजे ऑर्डिनल (तुकड्याचा अनुक्रमांक) मिळतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत स्ट्रिंग_स्प्लिट क्रमाची हमी देत नाही, तिथे कॅरइंडेक्सचा (मजकुरातली जागा शोधणारं फंक्शन) साधा लूप लिहा. संथ असला तरी बरोबर उत्तर देतो. आणि हो, तपासायला प्रिंट वापरू नका, युनिकोड मजकूर ४००० कॅरेक्टरवर छाटला जातो.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते सांगतो. मी पूर्वी होतो तिथे डेटाबेस सांभाळणारा विभाग वेगळा होता. आम्हाला डेफिनिशन बघायची परवानगी नव्हती. तिकीट (लेखी विनंती) टाकायचं, ते शोधून कळवणार. आम्ही विचारलं, कराचा हा जुना कॉलम कुठे कुठे वापरलाय? उत्तर आलं, कुठेही नाही. कशात शोधलंत, क्वेरी तरी दाखवा म्हटलं, तर 'धोरणात बसत नाही'. कॉलम काढला. एसक्यूएल सर्व्हरनेही अडवलं नाही, कारण साधी प्रोसीजर कॉलमला बांधलेली नसते. चुकतं ते चालवल्यावर. महिनाअखेरीला बिलांची प्रोसीजर २०७ नंबरचा ('असा कॉलम नाही') एरर देऊन बंद पडली. नंतर कळलं की शोध इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स या दुसऱ्या सिस्टिम व्ह्यूमध्ये घेतला होता. तिथे मजकुराची पहिली ४००० कॅरेक्टरच असतात आणि आमचा कॉलम त्याच्या कितीतरी पुढे होता. रात्रभर जागून बिलं आम्ही काढली, बोलणी आम्ही खाल्ली. त्यांच्याकडे ते तिकीट 'माहिती दिली' म्हणून केव्हाच बंद झालं होतं. याचा राग मला अजून येतो. चूक कुणाकडूनही होते, पण क्वेरी दाखवली असती तर ती दोन मिनिटांत आमच्या लक्षात आली असती.

म्हणून कुणी 'सापडलं नाही' असं कळवलं तर कशात शोधलं आणि कुठल्या लॉगिनने शोधलं, हे लेखी विचारा. नुसती एक्झिक्यूटची म्हणजे चालवायची परवानगी असलेल्या लॉगिनला प्रोसीजरचं नाव दिसतं, पण डेफिनिशन नल (रिकामी) येते. विथ एन्क्रिप्शन लावून मजकूर लपवलेल्या प्रोसीजरांचीही तशीच. नलवर लाइक काहीच बोलत नाही, गुपचूप शून्य रो देतो. आधी नल किती आहेत ते मोजा, मग शोधा.

लाइकमध्ये अंडरस्कोअर म्हणजे कुठलंही एक कॅरेक्टर, हेही ध्यानात असू द्या. नावात अंडरस्कोअर असेल तर तो चौकोनी कंसात घाला, नाहीतर नको ती नावंही येतील.

एररमधला क्रमांक हा साठवलेल्या मजकुराचा असतो, क्रिएटच्या वरच्या कॉमेंटसकट. मॅनेजमेंट स्टुडिओ स्क्रिप्ट काढताना वर यूज, सेट वगैरे ओळी जोडतो, त्यामुळे त्या फाइलमधली ४१२ वेगळी. मी हे एसक्यूएल सर्व्हरपुरतं सांगतोय. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना एवढी खटपट नाही: तिथल्या यूजर_सोर्स या व्ह्यूमध्ये प्रत्येक ओळ लाइन क्रमांकासकट वेगळ्या रोमध्येच असते, फक्त ओळी क्रमाने लावणारं ऑर्डर बाय विसरू नका.

वरचं करूनही ४१२ जुळली नाही तर एरर_प्रोसीजर (एरर कुठल्या प्रोसीजरमध्ये आला ते सांगणारं फंक्शन) काय देतंय ते बघा. बऱ्याचदा एरर आतून बोलावलेल्या दुसऱ्याच प्रोसीजरचा असतो.