कोड तुझ्या मशीनवर चालतो, पण क्लाउडवर बिल्ड (कोडपासून ॲप तयार करणं) फुटतो?

आधी बिल्डचा लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) वर सरकव आणि पहिली एरर शोध. शेवटच्या 'एक्झिट कोड 1' वरून काहीच कळत नाही. 'मॉड्यूल नॉट फाउंड', म्हणजे कोडला हवी ती फाइल सापडली नाही, असं आलंय आणि फाइल तर समोर दिसतेय? मग नावातली कॅपिटल अक्षरं तपास. विंडोज आणि मॅक सहसा लहान-मोठं अक्षर एकच धरतात, क्लाउडवरचं लिनक्स धरत नाही. फाइलचं नाव लहान 'एच'ने आणि इम्पोर्ट (कोडमधली ती फाइल मागवणारी ओळ) मोठ्या 'एच'ने, एवढ्यावर बिल्ड अडतो. नुसतं नाव बदलून भागत नाही, गिटला (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलला) ते बऱ्याचदा कळतच नाही. 'गिट एमव्ही' (git mv) ही नाव बदलायची कमांड वापर. तरी अडलं, तर नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती दोन्हीकडे जुळव, लॉकफाइल (पॅकेजेस म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये कमिट झालीय, म्हणजे नोंदली गेलीय, का बघ. सगळी पॅकेजेस एकदम अपडेट मात्र करू नकोस. मूळ दोष त्यात हरवतो.