वाचक विचारतात : फलाट, रूळ आणि बंदराची गाडी

प्रश्न : 2024च्या मे अखेरीस ठाण्याचा फलाट क्रमांक 5 रुंद करायला तब्बल 63 तासांचा ब्लॉक घेतला. दोन-तीन मीटरचंच काम होतं. रात्री थोडं थोडं करता आलं नसतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रुंदीकरण फलाटाचं म्हटलं, तरी खरं काम रुळाचं होतं. पाच-सहा हा दोन्ही बाजूंना रूळ असलेला फलाट. मागे सरकायला जागा नाही. रुळाच्या मध्यापासून फलाटाच्या कडेपर्यंतचं अंतर 1670 ते 1680 मिलिमीटर ठेवावं लागतं, म्हणजे सूट फक्त एका सेंटिमीटरची. फलाट जितका वाढवायचा तितकाच रूळ पलीकडे न्यायचा.

आता रात्रीचा हिशोब. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत कागदावर तीनेक तास मिळतात. वीज बंद करून परवाना घेणं, रुळावरच्या विजेच्या वायरला अर्थिंगचे (उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारे) दांडे लावणं आणि शेवटी हे सगळं उलट करणं यात पाऊण तास जातो. उरलेल्या वेळात एखादा जोड वेल्ड होईल, थोडी खडी बदलता येईल. पण अर्धा फलाटभर रूळ सरकवून सकाळी गाडी सोडता येत नाही. फलाटाच्या दोन्ही टोकांना नवा रूळ हलक्या दुहेरी वळणाने जुन्या रुळाला मिळवावा लागतो, म्हणून हे काम एकाच दमात संपवावं लागतं.

वजनाचाही अंदाज घ्या. 13 मीटरच्या एका तुकड्यात मीटरला 60 किलो भरणारे दोन रूळ आणि त्यांच्याखालचे बावीसेक आडवे काँक्रीट ठोकळे, म्हणजे स्लीपर, असतात, मिळून सुमारे साडेसात टन. रूळ कापायचे, तुकडे नव्या जागी बसवायचे, खालची खडी भरून टॅम्पिंग करायचं, म्हणजे ती स्लीपरखाली ठासून बसवायची. वेल्डिंगसाठी दोन टोकांत 25 मिलिमीटरची फट ठेवतात. ती कमी-जास्त झाली की वेल्डमध्ये दोष राहतो, आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) तपासणीत तो सापडला तर जोड कापून पुन्हा करावा लागतो. वरची वायरही सोबत हलवावी लागते. सरळ रुळावर ती मध्यापासून दोन्ही बाजूंना 200 मिलिमीटरपर्यंतच नागमोडी नेलेली असते. रूळ दोन मीटर सरकला आणि वायर जागीच राहिली, तर गाडीच्या टपावरून वीज घेणारा पँटोग्राफ तिला लागणारच नाही.

फलाटाची नवी कड काँक्रीटच्या तयार ठोकळ्यांची करतात, ती याच कारणाने. जागेवर ओतलेल्या काँक्रीटला ताकद यायला दिवस लागतात आणि ब्लॉकमध्ये ते दिवस नसतात.

सगळ्यात जास्त घात होतो तो जमिनीखालच्या केबलचा. जुन्या स्टेशनात नकाशात नसलेली एखादी केबल हमखास निघते. जेसीबीचा दात तिला लागला की शेजारच्या, चालू असलेल्या मार्गाचे सिग्नलही जातात. म्हणून ब्लॉकच्या आधी ठिकठिकाणी हाताने खड्डे घेऊन बघायचं असतं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणूनच टाळलं जातं.

आणि ब्लॉक संपल्यावरही काही दिवस लोकल रांगतच येते. नवी खडी अजून बसलेली नसते, त्यामुळे वेग टप्प्याटप्प्यानेच वाढवतात.

प्रश्न : आमच्या स्टेशनचा फलाट काही वर्षांपूर्वी उंच केला. आता पुन्हा खाली गेल्यासारखा वाटतो. खचला का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : बहुधा नाही, रूळ वर आला असावा. फलाटाची उंची रुळापासून मोजतात : साधारण 760 ते 840 मिलिमीटर, मुंबई उपनगरी मार्गावर 920पर्यंत. गाड्यांच्या भाराने खडी चुरते, रूळ बसतो. तो सारखा करायला टॅम्पिंग मशीन दर वेळी त्याला दोनेक सेंटिमीटर उचलतं. चार-पाच फेऱ्यांत फलाट दहा सेंटिमीटरने ‘खाली’ जातो.

खरा इलाज म्हणजे खडी काढून, चाळून रूळ पुन्हा मूळ पातळीला नेणं. सोपा म्हणून फलाटावरच थर चढवतात आणि मग पुलाच्या जिन्याची पहिली पायरी निम्मीच उरते. पायाला पुढच्या पायऱ्यांची सवय लागलेली, त्यामुळे माणसं नेमकी तिथेच अडखळतात. पावसाचं पाणी स्टॉलमध्ये शिरायला लागतं ते वेगळंच.

प्रश्न : न्हावा-शेवा बंदरात कंटेनरची गाडी तासन्‌तास उभी का असते? आणि दुमजली कंटेनर नेहमीच्या मार्गावरून का नेत नाहीत?
– एक वाचक, उरण

उत्तर : नेहमीच्या एका गाडीला 45 वाघिणी (मालाचे डबे), म्हणजे वीस फुटी 90 कंटेनर. 90 उतरवायचे, 90 चढवायचे, अशा 180 उचली. एका क्रेनच्या ताशी 20 उचली धरल्या तरी नऊ तास लागतात. तीन क्रेन मिळाल्या तर तीन. त्यातही एकाच गाडीत वेगवेगळ्या टर्मिनलचे कंटेनर मिसळलेले असले, तर ते ट्रेलरवर घालून इकडून तिकडे न्यावे लागतात. इंजिन धरून गाडी पावणेसातशे मीटरच्या आसपास भरते. यार्डातला रूळ तेवढा नसेल तर ती तोडून दोन भागांत घ्यावी लागते, आणि पुन्हा जोडल्यावर ब्रेकची तपासणी नव्याने.

दुमजलीचं उत्तर बेरजेत आहे. वाघिणीचा तळ रुळापासून एक मीटरवर, त्यावर साडेनऊ फूट उंचीचे दोन कंटेनर : एकूण सुमारे 6.8 मीटर. जुन्या विद्युत मार्गांवर वायर साधारण साडेपाच मीटरवर असते. दादरी ते न्हावा-शेवा या 1506 किलोमीटरच्या पश्चिम मालवाहतूक मार्गिकेवर ती साडेसात मीटरवर घेतली आहे, ती याच गाड्यांसाठी.

प्रश्न : फलाटाच्या टोकाला पायऱ्यांऐवजी उतार का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्वापार सामानाच्या हातगाड्या तिथूनच रूळ ओलांडत. उतार 1:6 असतो, म्हणजे सहा मीटरला एक मीटर. व्हीलचेअरसाठी हा फारच तीव्र. तिच्यासाठी 1:12चा रॅम्प किंवा लिफ्टच हवी.