घरी केलेल्या फ्रोझन फळपेयाचे रंग मिसळून मातकट का होतात? खाण्याचा रंग घालावा का?

बर्फ घालू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश.

तुम्ही लिहिलंय की आंबा, अननस आणि लाल ड्रॅगनफ्रूट यांचं तीन थरांचं पेय केलं, दहा मिनिटांत त्याचं गढूळ गुलाबी पाणी झालं, आता खाण्याचा रंग घालावा का आणि ब्लेंडर कोणता घ्यावा. या दोन्ही प्रश्नांपेक्षा तुम्ही मध्येच सहज लिहून गेलेलं वाक्य मला जास्त खुपलं: "प्रत्येक फळाबरोबर वाटीभर बर्फ घालून मिक्सरमधून काढलं." याच वाटीभर बर्फावरून माझं आणि माझ्या ताईचं तीन वर्षं वाजलंय.

माझ्या मुलीचा नववा वाढदिवस होता. तिने कुठेतरी फोटो पाहिला होता, तळाशी गर्द गुलाबी, मध्ये पांढरा, वर पिवळा असा ग्लास, आणि तोच हवा होता. मी आदल्या आठवड्यात एक ग्लास करून पाहिला होता. छान झाला होता. वाढदिवसाला सोळा मुलं येणार, म्हणून आदल्या दिवशी आंब्याच्या आणि ड्रॅगनफ्रूटच्या फोडी गोठवून ठेवल्या. मधल्या थरासाठी अननस आणि दही एकत्र फिरवून रात्रीच फ्रीजमध्ये ठेवलं. ती चूक माझी, त्याबद्दल पुढे लिहिते.

ताई मदतीला आली. मी बाहेरच्या खोलीत मुलांकडे बघत होते आणि ती मिक्सरवर. गोठलेल्या फोडी कोरड्याच जारमध्ये टाकल्या की काय होतं माहीत असेल: पातं खालच्या खाली गरगरतं आणि वरच्या फोडी जागच्या हलत नाहीत. तिने काय केलं, जारमध्ये बर्फ आणि पाणी ओतलं. एका जारमध्ये नाही, सगळ्यात. मी आत आले तेव्हा सोळा ग्लास भरून तयार होते आणि पहिली दोन मिनिटं ते खरंच सुंदर दिसत होते. मग काचेला लागून गुलाबी रंगाची एक बारीक रेघ वर चढायला लागली, दोऱ्यासारखी. पांढऱ्या थरात ती पसरली, वरून आंब्याचं पिवळं पाणी खाली झिरपलं, आणि बघता बघता मधला थर विटकरी झाला. एका मुलाने विचारलं, "काकू, हे ब्रश धुतलेलं पाणी आहे का?" तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. चव घेतली तर मधला थर कडू.

ताई म्हणाली, "दोन थेंब रंग टाक, कोणाला कळतंय." आणि मी नाही म्हणायच्या आत तिने उरलेल्या जगमध्ये लाल रंग टाकलाही. सगळ्या मुलांच्या जिभा लाल झाल्या, मुलं खूश. माझ्या मुलीने स्ट्रॉ एकदा फिरवली आणि ग्लास खिडकीत ठेवून दिला. ती काही बोलली नाही. मला तो ग्लास अजून दिसतो.

त्या दिवसापासून ताईचं एकच पालुपद: "घरी नाहीच होत ते. त्याला मोठं मशीन लागतं आणि रंग लागतो." मला हे मान्य नव्हतं आणि आजही नाही.

मशीनचं बघा. फ्रोझन पेयाचं मशीन म्हणजे जादू नव्हे. त्याचा ड्रम थंड होत असतो आणि आतला पंखा सतत फिरत राहतो, म्हणून बर्फाचे कण मोठे होत नाहीत. फ्रोझन मार्गारिटाचं (टकिला आणि लिंबाच्या गोठवलेल्या कॉकटेलचं) पहिलं मशीन 1971 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट-सर्व्ह आइस्क्रीमच्या मशीनमध्येच बदल करून बनवलं होतं. आज ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. पण कितीही भारी मशीन आणा, त्यात नुसतं पाणी ओतलं तर बर्फाचा ठोकळाच होणार. स्लशसाठी, म्हणजे अशा अर्धवट गोठलेल्या पेयासाठी, मिश्रणात साधारण 13 ते 15 टक्के साखर लागते, म्हणजे 100 ग्रॅम मिश्रणात 13 ते 15 ग्रॅम. साखरेमुळे सगळं पाणी एकदम गोठत नाही, थोडा पाक कणांच्या मध्ये द्रवच राहतो, आणि म्हणून ते चमच्याने हलतं, स्ट्रॉमधून येतं.

आता फळांकडे या. पिकलेल्या आंब्यात 100 ग्रॅममागे साधारण 14 ग्रॅम साखर असते. म्हणजे आंबा जन्मतःच बरोबर मापाचा. अननसात साधारण 10, पपईत 8 च्या आसपास. 200 ग्रॅम अननसाला दोन-अडीच छोटे चमचे साखर घातली की तो आंब्याच्या बरोबरीला येतो, पपईला साडेतीन लागतात. आणि आता 200 ग्रॅम आंब्यात 200 ग्रॅम बर्फ घाला. साखर 14 टक्क्यांवरून 7 वर आली. रंग निम्मा, चव निम्मी, आणि दहा मिनिटांत खाली पाणी, वर पांढरा भुगा. शिवाय गारठलेल्या जिभेला गोडी कमीच कळते, त्यामुळे ते दुप्पट पाणचट लागतं. बर्फ घातलेल्या पेयात रंग टिकत नाही याचं कारण एवढंच आहे. गारवा फळातूनच आला पाहिजे.

फळ गोठवायचं कसं हे तुम्हाला माहीत असेल, फक्त दोन गोष्टी. फोडी दोन सेंटिमीटरच्या वर नकोत, आणि ताटात एकमेकींना न चिकटवता पसरून गोठवायच्या, मगच पिशवीत भरायच्या. पिशवीत सरळ ओतून गोठवल्या तर एक दगड तयार होतो आणि मग कोणाला तरी बर्फ-पाणी घालायची बुद्धी होते.

जारमध्ये आधी पातळ पदार्थ, मग फोडी. 250 ग्रॅम फोडींना 80 ते 100 मिलिलिटर रस किंवा नारळपाणी पुरतं. फोडी पाच मिनिटं बाहेर ठेवा, मग पाच-पाच सेकंदांचे झटके द्या, मध्ये थांबून कडा खरवडून खाली ढकला. एकूण चाळीस सेकंदांच्या पुढे जाऊ नका. मिक्सर सलग चालवला की घर्षणाने मिश्रण गरम होतं आणि तुम्ही जे रात्रभर गोठवलं ते तिथेच वितळतं.

थरांबद्दल मी सगळ्यात जास्त डोकेफोड केली आहे. सोळा ग्लास वाया गेल्यावर मी पुढचे काही महिने दर रविवारी एक ग्लास करून खिडकीत ठेवायचे आणि घड्याळ लावून बसायचे. लाल ड्रॅगनफ्रूटचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, बीटचा असतो त्याच जातीचा. जरा वितळलं की तो पळतो. आंब्याचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तो गरालाच धरून राहतो. म्हणून पळणारा रंग तळाशी आणि धरून राहणारा वर. ड्रॅगनफ्रूट मुळात फिकं गोड असतं, त्याला मी मुद्दाम जास्त साखर घालते, 200 ग्रॅमला पाच छोटे चमचे. साखर जास्त म्हणजे वजन जास्त. तो थर इतरांपेक्षा आधी मऊ पडतो, पण जड असल्यामुळे खालीच बसून राहतो. मध्ये नारळाचं घट्ट दूध आणि गोठवलेलं केळं, केळं काळं पडू नये म्हणून लिंबाचे चार थेंब. हा थर लोण्यासारखा दाट होतो, गुलाबी दोरा त्यातून वर चढायला खूप वेळ घेतो. प्रत्येक थरानंतर ग्लास वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पण बोट आत गेलं नाही, की पुढचा थर उलट्या चमच्यावरून सोडायचा. ग्लास आधीपासून गार हवा. कोमट ग्लासात सगळी मेहनत काठाकाठाने वितळते, आणि तो गुलाबी दोरा काठावरूनच सुरू होतो.

शेजारी कोणता रंग ठेवताय तेही बघा, कारण थोडं तरी मिसळणारच. गुलाबी आणि पिवळं मिसळलं तर केशरी होतं, तेही देखणं असतं. निळं आणि गुलाबी मिसळून जांभळं. पण किवीचा हिरवा थर ड्रॅगनफ्रूटला चिकटून ठेवलात की हद्दीवर चिखल होणारच, हिरवं आणि लाल कधी जुळत नाही. किवी जास्त फिरवू नका, काळ्या बिया फुटल्या की रंग मळकट होतो आणि चव कडवट. निळ्यासाठी गोकर्णाची सुकी फुलं गरम पाण्यात भिजवा, पण ते पाणी नारळाच्या दुधात घाला, अननसात नाही. आंबट लागताच निळं जांभळं होतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा डोळ्यांदेखत जारमध्ये रंग बदलला.

आता ते कडू दही. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि कडवटपणा येतो. पपई आणि किवीतही असंच विकर आहे. गोठवून ते मरत नाही, फक्त थंडावतं. अननसाच्या फोडी तीन-चार मिनिटं उकळून गार करून घ्या, किंवा डब्यातला अननस घ्या, तो आधीच तापवलेला असतो. नाहीतर दूध-दही टाळा. या बाबतीत ताईचा काही दोष नव्हता हे मी तिला त्याच आठवड्यात सांगितलं. बर्फाच्या बाबतीत मात्र तिने आजवर कबूल केलेलं नाही.

खाण्याचा रंग घालावा का? नाही. आणि हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही. बाटलीतला रंगही पाण्यातच विरघळतो, त्यामुळे तो ड्रॅगनफ्रूटइतकाच पळतो. तुमचं दुखणं रंग कमी पडण्याचं नाही, पाणी जास्त होण्याचं आहे. रंग वाढवून पाणी कमी होत नाही.

मागच्या वर्षी मुलीच्या बाराव्या वाढदिवसाला मी पुन्हा केलं. या वेळी नऊच ग्लास, आणि मिक्सरपाशी मी स्वतः. ताई घड्याळ घेऊन बसली होती. पंचवीस मिनिटांनी तिने ग्लास उजेडात धरला, तिन्ही थर जागच्या जागी होते, गुलाबी आणि पांढऱ्याच्या मध्ये एक फिकट पट्टा तेवढा आला होता. ती म्हणाली, "यात रंग घातलायस." मी तिला माझी बोटं दाखवली, नखांपर्यंत गुलाबी. मुलीने तळापर्यंत संपवला.

ब्लेंडरचं राहिलं. माझा साधा मिक्सरच आहे, चटणी होते त्यातच हे होतं. मोठी मोटर असेल तर फोडी पाच मिनिटं बाहेर ठेवायची गरज पडणार नाही, एवढाच फरक. कंपनी मी सुचवणार नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. तयार ग्लास रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवू नका, दगड होतो. दोन-तीन तास आधी करा. काठापर्यंत भरू नका, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि पातळ काच तडकते. मोठ्यांसाठी मद्य घालणार असाल तर थरांची आशा सोडा, मद्याने गोठणं लांबतं. मधुमेह असलेल्यांसाठी हे पेय नाही, फळांचंच असलं तरी ही बरीच साखर आहे. आणि साखर टाळायची म्हणून बाजारातलं शुगर-फ्री स्लश लहान मुलांना देऊ नका. त्यात साखरेच्या जागी बऱ्याचदा ग्लिसरॉल नावाचं गोडसर रसायन असतं, आणि ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने 2025 मध्ये 7 वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं सांगितलंय. लाल ड्रॅगनफ्रूट भरपूर प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी होऊ शकते, आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, मला रात्री दोन फोन आले होते.

आणि पाहुणे यायच्या आधी फ्रीझरमधला बर्फाचा ट्रे रिकामा करून कपाटात ठेवा. मदतीला आलेलं कोणीतरी घालतंच.