सलाईनमधलं झाड

"ताई, डॉक्टरांना सांगू नका, पण बघा जरा." त्याने पिशवीतून डबा काढला. कॅप्सूल, वर चिनी अक्षरं. ऑनलाइन मागवलेल्या, अठरा हजारांच्या. आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केमो चालू होती आणि नऊ दिवसांपासून ह्या कॅप्सूलही. "झाडपाल्याचंच आहे. गुण नाही आला तर नुकसान तरी काय?"

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी चिनी डबा, कधी गुळवेल, कधी वैदूची पुडी.

"थोतांड आहे" म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. आईच्या केसपेपरवर इरिनोटेकान हे केमोचं औषध होतं. ते आलंय चीनमधल्या शी-शू झाडावरून. नावाचा अर्थच आनंदाचं झाड. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातून कॅम्पटोथेसिन हे रसायन वेगळं काढलं, इरिनोटेकान त्याच्यापासूनच बनतं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. हे ऐकून तो पहिल्यांदा हसला, त्याची सासुरवाडी तिकडचीच. (हेच रसायन सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, म्हणून तर ती झाडं चोरून तोडतात.)

पण सुरुवातीला ते माणसांना दिलं, तेव्हा लघवीतून रक्त जायला लागलं, रक्तपेशी घसरल्या. चाचण्या थांबल्या. मूळ रसायनात फेरफार करून बनवलेलं इरिनोटेकान अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ उजाडलं.

"म्हणजे आई चिनी औषध आधीच घेतेय?"

"मोजून घेतेय. ह्या डब्यात काय, किती, ते कोणी मोजलंय?" ॲरिस्टोलोकिया ही चिनी औषधांत वापरली जाणारी वनस्पती, तिने लोकांच्या किडन्या गेल्यात, मूत्रमार्गाचा कॅन्सरही झालाय. युरोपातली सेंट जॉन्स वर्ट तर इरिनोटेकानचाच जोर कमी करते.

मी बोलतच होते. तो मध्येच म्हणाला, "मग मी काय करू? बिलं भरायची आणि बाहेर बाकावर बसायचं?"

खरा प्रश्न हा होता. झाडाची गोष्ट मी जरा जास्तच रंगवली होती.

मग आईंशी बोलले. दोन दिवस जुलाब होत होते, तरी त्या गप्प होत्या. इरिनोटेकानने जुलाब होतात आणि अंगावर काढले तर जिवावर बेततात, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. "सांगितलं असतं तर कॅप्सूलचं निघालं असतं. पोरगं एवढं करतंय, त्याला नको कसं म्हणू?"

त्याच दुपारी तिघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर चिडले, पण डब्याचा फोटो काढून घेतला, कॅप्सूल बंद केल्या आणि जुलाबाचं औषध सुरू केलं. मुलाला मी वही दिली: किती वेळा जुलाब, किती पाणी पोटात गेलं, ताप आहे का, आणि कितव्या जुलाबाला फोन करायचा.

पुढच्या वेळी वही भरून आली, अक्षर सुरेख. डबा टाकला का, विचारलं.

"कपाटात आहे. अठरा हजारांचा आहे ना, ताई."