‘साहेब, जरा आमचंही बघा’

“पैसे मागितले की संबंध बिघडतात,” ही तक्रार लघुउद्योजकांकडून मी इतक्यांदा ऐकली आहे की भोसरीतील एका वर्कशॉपच्या मालकांनी तेच वाक्य उच्चारले तेव्हा मला नवल वाटले नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते झोप लागत नाही म्हणून. सुटे भाग करून देणाऱ्या या गृहस्थांची तीन बिले एका मोठ्या कारखान्याकडे चार महिने अडकली होती आणि कामगारांचे पगार ते पतसंस्थेच्या कर्जातून भागवत होते.

कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यांना पाठवलेले निरोप मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितले. “साहेब, जरा आमचंही बघा,” “सणासुदीचे दिवस आहेत, लक्ष असू द्या,” असे सात निरोप होते. एकातही बिलाचा क्रमांक किंवा रक्कम नव्हती. मग मीच खरेदी अधिकारी झालो आणि विचारले, “काय बघू?” ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आकडा लिहिला की तगादा लावल्यासारखं वाटतं.” गावी वडिलांचे किराणा दुकान होते आणि उधारी कधीच न मागितल्याने ते बुडाले, हेही तेव्हाच समजले. मोघमपणालाच आदब मानण्याची सवय घरातून आली होती.

आम्ही एक छोटे पत्र लिहिले: बिलांचे क्रमांक, मालासोबत दिलेल्या चलनांच्या तारखा, रकमा, देय दिनांक आणि शेवटी एकच प्रश्न, “यांपैकी कोणते बिल कशासाठी थांबले आहे?” हे पत्र खरेदी विभागासोबत लेखा विभागालाही गेले. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावेत, असे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यात आहे. परंतु अडचण काय आहे हे कळण्याआधीच कायद्याचे कलम पुढे करणे मला योग्य वाटले नाही.

उत्तर दोन दिवसांत आले आणि ते मालकांना, खरे तर मलाही, अनपेक्षित होते. दोन चलनांवर ऑर्डरचा क्रमांक नसल्याने मालाची नोंदच झाली नव्हती. तिसऱ्या खेपेतील काही नग नाकारल्याचे कारखान्याने फोनवर कळवले होते, पण तो फोन घेणाऱ्या सुपरवायझरने मालकांना सांगितलेच नव्हते, कारण मालक अशा बातमीवर आरडाओरडा करत. बाहेर आवाज न निघणारा माणूस स्वतःच्या शेडमध्ये कोणाला बोलू देत नव्हता!

त्यामुळे पुढच्या भेटीला मी त्यांना सुपरवायझरसह बोलावले. पहिली दोन बिले तोपर्यंत चुकती झाली होती. नाकारलेल्या नगांबद्दल लेखी काहीच नव्हते. तसे पत्र मागवायचे की नग आणून आधी मोजमाप घ्यायचे, यावर दोघांचा माझ्यासमोरच वाद झाला आणि तो पूर्ण तासभर चालला.