गाडीची किंमत अपघातानंतर ठरत नाही

प्रश्न : मी अहमदपूर तालुक्यात शिक्षक आहे. जानेवारीत एका रात्री लातूरहून परतताना चाकूरच्या अलीकडे उसाने भरलेल्या ट्रॉलीवर माझी कार मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. आम्ही थोडक्यात वाचलो, मात्र मुलाच्या मनगटाचे हाड मोडले. पॉलिसीचे नूतनीकरण झाले तेव्हा गाडीला तीन वर्षे पूर्ण होऊन चौथे लागले होते आणि पॉलिसीत तिची किंमत 5,40,000 रुपये लिहिलेली आहे. गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज 4,45,000 रुपये दिल्यावर कंपनीने गाडी ‘टोटल लॉस’ ठरवली. आता ईमेल आला आहे, की गाडीचा बाजारभाव 4,70,000 रुपये, त्यातून मोडलेल्या गाडीचे 1,30,000 आणि सक्तीच्या वजावटीचे (दाव्यातील विमाधारकाने स्वतः सोसायचा वाटा) 1,000 वजा जाता 3,39,000 रुपये मिळतील आणि मोडलेली गाडी मी ठेवून घ्यायची. लातूरचे भंगार व्यापारी तिचे 80,000 रुपयांच्या वर द्यायला तयार नाहीत. संमतीपत्रावर लवकर सही केली नाही तर फाइल बंद होईल, असे फोनवर सांगतात. गॅरेजवाला रोजचे जागाभाडे लावतो आहे. हेच मॉडेल आज शोरूममधून घ्यायचे तर नऊ लाख रुपये पडतात आणि बँकेचे कर्जही अजून फिटायचे आहे. मी सही करावी का?

उत्तर : सध्या सही करू नका. आपल्या पत्रासोबत आलेली पॉलिसीची प्रत आणि कंपनीचा ईमेल मी शेजारी ठेवून वाचला. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, गाडीचा क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांच्या खालच्या चौकटीत ‘आयडीव्ही’ या शीर्षकाखाली 5,40,000 हा आकडा छापलेला आहे. कंपनीच्या ईमेलमध्ये मात्र तो आकडा कोठेच नाही. आपला सगळा वाद या एका गाळलेल्या आकड्याचा आहे, त्यामुळे उत्तर देताना बाजारभावाच्या चर्चेत आपण शिरूच नये.

आयडीव्ही म्हणजे पॉलिसी घेताना दोन्ही बाजूंनी मान्य केलेली गाडीची किंमत. त्या दिवशी त्या मॉडेलची जी छापील विक्री किंमत असेल, तिच्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीन वर्षांपर्यंत 30, चार वर्षांपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के, असा हा तक्ता आहे. आपणच लिहिलेल्या नऊ लाखांतून 40 टक्के काढले की बरोबर 5,40,000 उरतात. म्हणजे घसारा एकदा पुरेपूर वजा झालेला आहे आणि त्या रकमेवरच कंपनीने आपल्याकडून हप्ता घेतला आहे. गाडी पूर्ण निकामी झाल्यास ही किंमत पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत बाजारभाव म्हणूनच धरली जाईल आणि तिच्यावर आणखी घसारा लागणार नाही, असे कलम खासगी कारच्या प्रमाणित पॉलिसीतच आहे. आपल्या प्रतीतही ते आहे. ते शोधून त्याखाली रेघ ओढून ठेवा.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला, की गाडी पूर्ण हानीत धरतात. आपल्या बाबतीत ही मर्यादा 4,05,000 रुपये येते आणि अंदाज 4,45,000 चा आहे, म्हणून कंपनीने टोटल लॉस ठरवले हे योग्यच झाले. पण गाडी टोटल लॉस आहे की नाही हे पाहताना 5,40,000 चा आकडा चालतो आणि पैसे देताना तोच आकडा चालत नाही, ही भूमिका मला अजिबात पटत नाही. कंपनीला आपल्या पत्रात हाच प्रश्न सरळ विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीच्या एका प्रकरणात हेच म्हटले आहे, की हप्ता घेताना वाहनाची जी किंमत कंपनीने स्वीकारली, ती भरपाई देण्याच्या वेळी निरनिराळी निमित्ते काढून नाकारता येत नाही.

आता मोडलेल्या गाडीच्या किमतीकडे वळू, कारण विमाधारकाचे अधिक नुकसान इथेच होते आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. पूर्ण हानीचा दावा साधारणपणे दोन रीतींनी मिटतो. एका रीतीत कंपनी आयडीव्हीतून फक्त वजावट कापून रक्कम देते आणि मोडलेली गाडी स्वतःकडे घेते, तर दुसऱ्या रीतीत त्या गाडीची किंमत वळती करून घेते आणि गाडी आपल्याकडे राहते. आपल्याला फक्त दुसरीच रीत सांगितली गेली आणि तीही फुगवलेल्या भंगार किमतीसह. कंपनीला ती गाडी खरोखर 1,30,000 रुपयांची वाटत असेल, तर तिने ती त्या भावाने विकावी आणि आपल्याला 5,40,000 वजा 1,000, म्हणजे 5,39,000 रुपये द्यावेत, असे लेखी कळवा. आजच्या प्रस्तावाप्रमाणे आपल्याला 3,39,000 आणि व्यापाऱ्याचे 80,000 असे एकूण 4,19,000 मिळतील. फरक 1,20,000 रुपयांचा आहे.

गाडी ठेवून घेण्याची वेळ आलीच, तर लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील तीन व्यापाऱ्यांचे त्यांच्या लेटरहेडवरचे, तारीख आणि शिक्का असलेले भाव जोडा, आणि कंपनीला 1,30,000 रुपयांचा भाव कोणी दिला, त्याचे नाव व लेखी बोली मागा. ज्याने तो भाव दिला त्याने त्या भावाने गाडी उचलली पाहिजे, एवढी एकच अट घातली तरी पुष्कळ आकडे खाली येतात. नोंदणी पुस्तिका मात्र व्यापाऱ्याच्या हाती तशीच सोडू नका. गाडी कायमची निकामी झाल्यास मालकाने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 55 सांगते. भंगारात गेलेल्या गाडीची कागदपत्रे चोरीच्या गाडीला लावली जातात आणि चौकशीचा कागद मूळ मालकाच्या दारात येतो. आपल्यासारख्या सरळमार्गी माणसाच्या वाट्याला असा मनस्ताप येऊ नये, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

नुकसान मोजण्यासाठी कंपनीने नेमलेल्या सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा. ती मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. पुष्कळांना सर्वेक्षकाचा शब्द अखेरचा वाटतो, परंतु तो तसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. अहवालात बाजारभाव 4,70,000 रुपये कशावरून धरला, जुन्या गाड्यांच्या जाहिरातींवरून की एखाद्या विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावरून, हे नीट तपासा.

फाइल बंद होईल या धमकीला घाबरू नका. फोनवर बोलणे झाले, की लगेच ‘आज आपल्याशी असे बोलणे झाले’ असा ईमेल पाठवत जा. गाडी गॅरेजमधून हलवावी किंवा जागाभाडे कंपनीने सोसावे, हेही आजच लिहा, कारण विलंब कोणामुळे झाला याचा पुरावा नंतर हाच ठरतो. गाडीचे टायर, बॅटरी आणि आतील भाग यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा. महिनाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीतून काय काय जाते, हे गॅरेजच्या मागच्या अंगणात एकदा फेरी मारली तरी कळते.

पहिले पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. उत्तर नकारार्थी आले, अपुरे आले किंवा एका महिन्यात आलेच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मराठवाड्यातील जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतात. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. आयोगापुढे प्रकरण चालू असताना मात्र लोकपाल ते हाती घेत नाहीत, म्हणून आपल्यासारख्या आकड्यांच्या स्वच्छ वादात मी आधी लोकपालाकडे जाण्याचा सल्ला देईन. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. 2019 च्या कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे आपल्या बाबतीत लातूरला, दाद मागता येते आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही पडत नाही.

घरची निकड असेल आणि कंपनी वादात नसलेली रक्कम देऊ करत असेल, तर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून मगच व्हाउचरवर सही करा. डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे दावा मिटल्याच्या पावतीवर, सही केल्याने अधिक भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असे विमा नियामकाने 2015 च्या परिपत्रकात म्हटलेले आहे. रक्कम आधी बँकेच्या कर्जखात्यात जाईल; कर्ज फिटल्यावर उरलेले आपल्याला मिळतील. नव्या गाडीचे नऊ लाख मात्र या पॉलिसीत मिळणार नाहीत. त्यासाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जादा संरक्षण घ्यावे लागते आणि ते आपल्या प्रतीत नाही. मुलाच्या दुखापतीचा दावा वेगळा आहे. तो ट्रॉलीचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. ट्रॉलीला दिवा व रिफ्लेक्टर नसल्याची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात आहे का, हे त्याआधी पाहून घ्या.

प्रश्न : माझी जीप आठ वर्षांची आहे. हप्ता कमी यावा म्हणून एजंटाने आयडीव्ही 1,60,000 लावली. तशाच जीप परतूरच्या बाजारात 2,80,000 ला विकल्या जातात. आता गाडी टोटल झाली आहे. फरक मागता येईल का?

उत्तर : बहुधा नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटते. पाच वर्षांवरील गाडीला तक्ता लागू होत नाही. किंमत परस्पर संमतीने ठरते. जो आकडा वरच्या वाचकाचे रक्षण करतो, तोच आपल्याला बांधून ठेवतो. आपण जास्त किंमत लेखी कळवली होती आणि एजंटाने परस्पर ती कमी केली, असा ईमेल किंवा संदेश हाती असेल, तरच तक्रारीत दम आहे. मात्र 1,60,000 रुपयांतूनही कंपनी पुन्हा घसारा कापत असेल, तर वरचे उत्तर आपल्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

प्रश्न : देगलूरजवळ आमची कार उलटली. गॅरेजचा अंदाज आयडीव्हीच्या 82 टक्के होता, पण सर्वेक्षकाने तो 71 टक्क्यांवर आणला आणि दुरुस्ती करून घ्या म्हणतो. आम्हाला ती गाडी पुन्हा चालवण्याची भीती वाटते.

उत्तर : भीती समजण्यासारखी आहे, पण वाद टक्क्यांवरच मांडावा लागेल. दुरुस्तीत प्लास्टिक आणि रबरी भाग, टायर, बॅटरी व एअरबॅग यांवर 50 टक्के घसारा कापला जातो आणि धातूच्या भागांवर वयाप्रमाणे. म्हणून हा घसारा न कापण्याचे जादा संरक्षण (झिरो डेप्रिसिएशन) नसेल तर दुरुस्तीत खिशातून बरेच जाते आणि टोटल लॉस टाळण्यात कंपनीचा फायदा असू शकतो. सर्वेक्षकाने कोणते भाग ‘बदलणे’ऐवजी ‘दुरुस्त करणे’ असे लिहिले, त्याची भागवार यादी मागा. चॅसी किंवा छताचे खांब त्यात असतील, तर ते दुरुस्त करून गाडी सुरक्षित होईल असे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा. ते बहुधा तसे लिहून देणार नाहीत आणि तोच आपला पुरावा. गाडी उघडल्यावर आतील नुकसान दिसले, तर काम तिथेच थांबवून सर्वेक्षकाला लेखी बोलवा आणि पुरवणी अंदाज जोडा. सर्वेक्षकाने पाहण्याआधी मोडका भाग गॅरेजबाहेर जाऊ देऊ नका.